वायर धरून चालणाऱ्या काकू

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हातात चहाचा कप घेऊन घरभर फिरत होत्या. मी भाड्याची खोली बघायला गेले होते. बोरीवली पूर्वेला, तळमजल्यावरचा मागच्या बाजूचा ब्लॉक. मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, परत हॉल अशा फेऱ्या मारत त्यांनी माझी मुलाखत घेतली. लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, मच्छी खातेस का, यातलं काही नाही. पहिला प्रश्न स्वयंपाकघरातून आला.

"कामाला नेट किती लागतं?"

"दिवसभर," मी म्हटलं. मरोळच्या एका कंपनीसाठी मी डॉक्टरांचे रिपोर्ट टाईप करायचे. डॉक्टर बोलून ठेवतात, आपण हेडफोन लावून ऐकायचं आणि लिहून काढायचं. ऑफिस बंद होऊन काम घरी आलं होतं आणि घर सोडून मी मैत्रिणीच्या सोफ्यावर आले होते. हे दुसरं मी सांगितलं नाही.

"हेडफोन," त्या पॅसेजमधून म्हणाल्या. "कान सांभाळ गं. खोली तुझी."

पुढे कळलं की त्या स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांच्या घराण्यातली सरकारी नोकरी लागलेली पहिली मुलगी. जालन्याकडच्या खेड्यातून मुंबईत आल्या आणि बावीस वर्षं बोर्डासमोर बसून लोकांचे फोन जोडून दिले. नोकरी सुटल्यापासून त्या बसल्याच नाहीत. जेवायच्या उभ्यानं, भाजी निवडायच्या ती खिडकीच्या कट्ट्यावर सूप ठेवून, टीव्हीच्या बातम्या दारात उभ्या राहून बघायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, बसा ना जरा. मलाच दमायला होतं."

"बावीस वर्षं बसले. हेडफोनची दोरी जेवढी लांब तेवढंच जग. आता मला कोणी बसवू नका."

अशा बाईचं मन घरात लागणार कसं? त्यांना कारण लागायचं, आणि सोसायटीत ते रोज मिळायचं. कुणाचं ना कुणाचं नेट बंद असायचंच. कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येणार, काकू दोन मिनिटांत. कॉम्प्युटर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर शिकला होता. हॉलमध्ये त्यांचा स्वतःचा एक जुना डबा होता, त्याचं एका बाजूचं झाकण कायम उघडं. आतला पंखा फिरताना दिसला की त्यांना बरं वाटायचं.

"नेट गेलं" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "गेलं म्हणजे? चप्पल घालून गेलं? कोणी पाहिलं जाताना?" मग सुरू व्हायचं. शेवटचं कधी चालत होतं? त्यानंतर घरात काय हललं? पाहुणे आले? कपाट सरकवलं? बाईनं फरशी पुसली? माणसं वैतागायची. काकूंना हवं असलेलं उत्तर मात्र त्या वैतागातूनच बाहेर यायचं. "अहो, कपाट कशाला सरकवू, फक्त उशी शोधायला पलंग थोडा ओढला," असं कोणी म्हणालं की काकू पलंगाखाली.

आणि सगळ्यात आधी वायर. मोडेमचे दिवे त्या नंतर बघायच्या. आधी मोडेमपासून निघणारी वायर दोन बोटांत धरायची आणि तिच्याबरोबर चालत सुटायचं. भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, माळ्यावर, खिडकीबाहेर. जिथे उंच जाते तिथे स्टूल, जिथे फर्निचरच्या मागे जाते तिथे आडवं होणं. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "वायर दिसायला चांगलीच दिसते. बोटाला कळतं कुठे दबलीय ते." अर्धे दोष त्या चालण्यातच सापडायचे.

कंपनीला फोन लावायची वेळ आली तर ते ऐकण्यासारखं असायचं. पलीकडे एखादी मुलगी पाठ केलेलं म्हणायला लागायची. काकू तिला थांबवायच्या.

"मुली, पाणी प्यालीस का?"

पलीकडचं पाठांतर तुटायचं.

"आधी घोटभर पी. मी थांबते. मग सांग. आणि रिस्टार्ट करा म्हणू नकोस, तीनदा करून झालंय. त्याच्या पुढचं पान उघड."

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त सद्गृहस्थ एकटे राहायचे. त्यांचं नेट चार दिवस बंद होतं. म्हणजे फोनवर चालायचं, पण कॉम्प्युटरवर कुठलंच पान उघडेना. वायर नीट, दिवे हिरवे. काकूंनी दोन तास घातले, मला सोबत नेलं होतं, मी कंटाळून दारात उभी. अचानक त्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हसायला लागल्या. तिथली तारीख वीसेक वर्षांपूर्वीची होती. आतला बटणासारखा सेल मेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर दर वेळी चालू झाला की तारीख विसरायचा, आणि बँकेपासून सगळ्यांनी त्याला दारातून परत पाठवायला सुरुवात केली होती. सेल बदलला, सगळं सुरू झालं. ते गृहस्थ म्हणाले, "तेव्हा आमची ही होती."  जिन्यात काकू मला म्हणाल्या, "चार दिवस त्यांना चूक दिसली नाही, कारण त्यांना ती चूक वाटलीच नाही."

रविवारी त्या विहारात जायच्या. वंदना झाली की तिथला कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. एकदा तिथे अख्खं नेटवर्क कोसळलं होतं. कुणीतरी आवराआवर करताना लोंबणारी वायर दिसली म्हणून तिचं मोकळं टोक नेट वाटणाऱ्या त्याच डब्यात खुपसलं होतं जिथून ती निघाली होती. काकू घरी येऊन दिवसभर तेच सांगत होत्या. "दोन्ही टोकं एकाच डब्यात! स्वतःशीच बोलत बसलाय बिचारा, दुसऱ्याचं ऐकणार कधी?"

मी तिथे राहायला लागून सातेक महिने झाले होते तेव्हा माझा नवरा एकदा येऊन गेला. माझी सर्टिफिकेटं त्याच्याकडे राहिली होती, ती द्यायला. मी बाहेर होते. काकूंनी दार उघडलं. तो त्यांच्या पाया पडला, उभ्याउभ्या चहा प्यायला, फार गोड बोलला. गोड बोलणं त्याला जमायचंच. मी परत आल्यावर काकू म्हणाल्या, "मुलगा वाईट वाटला नाही गं." मी विषय बदलला. माझ्या घरात काय झालं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की ते इतकं लहान वाटायचं! त्यानं कधी हात उगारला नव्हता. लोक विचारतात, मग प्रॉब्लेम काय होता?

दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं होतं. अर्ज झाला होता, मधली मुदत संपली होती, शेवटची सुनावणी राहिली होती. ती व्हिडिओवरून होणार होती, सकाळी अकराला. वकीलबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, "त्या दिवशी हजर राहा. तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. आणि मध्ये त्यानं विचार बदलला तर पहिल्यापासून सुरुवात."

त्या सकाळी मी पाचपासून जागी होते. साडी नेसले, सोडली, ड्रेस घातला. लॅपटॉप उघडून तीनदा तपासला. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मोडेमवरचा लाल दिवा उघडझाप करायला लागला.

"काकू, नेट गेलं!"

त्या स्वयंपाकघरातून आल्या. चप्पल घालून गेलं का, असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मोडेम बंद केला, चालू केला. लाल. परत बंद केला. परत लाल. कंपनीला फोन लावला, वाट बघत उभ्या राहिल्या. पलीकडच्या मुलीला पाणी विचारलं नाही. मी मोबाईलवरून जोडून बघितलं. आमच्या त्या मागच्या ब्लॉकमध्ये मोबाईलची रेंज म्हणजे एक दांडी, तीही खिडकीशी. चित्र यायचं आणि गोठायचं. सोसायटीच्या गेटवर उभं राहून घटस्फोट घ्यायचा का? बंद खोलीत एकटं बसायचं, असा नियम होता.

दहा चाळीस. काकू पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होत्या. नेहमीपेक्षा जास्त भरभर. आणि मला एकदम लक्षात आलं की काय चुकतंय. त्या वायर धरून चालल्याच नव्हत्या. कुठल्याही घरात पहिलं जे करायचं ते आज त्यांनी केलंच नव्हतं.

मी स्वतः वायर धरली. भिंतीच्या कडेनं, चौकटीवरून, ती माळ्यावर गेली. माळ्यावर एक छोटी डबी होती, बाहेरून येणारी वायर तिथे जोडलेली. मी स्टूल ओढलं आणि चढायला लागले. काकूंनी येऊन स्टुलाचा पाय धरला.

"उतर."

"काकू, सोडा. वीस मिनिटं राहिलीत."

"पडशील तू. उतर." मग खाली बघत म्हणाल्या, "मीच काढलीय ती."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "काय?"

"पिन. मीच काढली. हो बाजूला, मी लावते."

त्या स्टुलावर चढल्या. डोकं माळ्यात, त्यामुळे आवाज घुमून येत होता.

"त्याचा फोन यायचा मला. तुझ्या नवऱ्याचा. आला होता तेव्हा नंबर घेऊन गेला, महिनाभर येतोय. काल रडला गं. म्हणाला, एक तारीख पुढे गेली तर तिच्याशी बोलता येईल, एकदाच बोलायचंय."

"आणि तुम्ही पिन काढलीत."

"ट्रंक कॉल असायचे तेव्हा. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचं, तीन मिनिटं झाली, आणि तोडायचं. एक माणूस होता. बायकोशी बोलत होता. काहीतरी सांगायचं होतं त्याला, सांगता येत नव्हतं. म्हणाला, बाई, एक मिनिट द्या. बोर्डावर गर्दी होती. मी तोडला. परत त्याचा कॉल आलाच नाही. मी रोज वाट बघायचे. मला वाटलं, ह्या वेळी एक मिनिट द्यावं."

खट्‌ असा आवाज आला. पिन बसली.

मला ओरडायचं होतं. पण आवाज निघाला तो अगदी साधा, रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखा.

"काकू, तोही हेच करायचा. भांडण झालं की घरचं नेट बंद करायचा. मोडेम बॅगेत घालून ऑफिसला घेऊन जायचा. माझं काम अडायचं, वरून फोन यायचे, मी त्याला मेसेज करायचे, सॉरी, माझं चुकलं. मग संध्याकाळी येऊन लावायचा. तीन वर्षं. मी कशासाठी सॉरी म्हणतेय तेसुद्धा मला आठवायचं नाही."

काकू स्टुलावरून उतरल्या. भिंतीला हात लावला आणि खाली फरशीवर बसल्या. पाय पसरून, पाठ टेकून. आठ महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होते.

मोडेमवरचा लाल दिवा विझला. हिरवा लागला. दहा बावन्न.

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सुनावणी नऊ मिनिटं चालली. लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली, कोणी सोबत नाही ना ते बघायला. मी पलंग दाखवला, खिडकी दाखवली, बंद दार दाखवलं. "कुणाच्या दबावाखाली निर्णय घेताय का?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या चौकोनात तो होता. त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो जरा थांबला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. मग म्हणाला, नाही. माझा चेहरा समोर दिसत असताना वेगळं काही म्हणणं त्याला कदाचित जमलं नसेल. मी आलेच नसते तर त्यानं काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही.

पुढचे दहाबारा दिवस मी काकूंशी बोलले नाही. त्या बोलायचा प्रयत्न करायच्या नाहीत. फेऱ्या मात्र चालू होत्या, माझ्या दाराशी येऊन पावलं हळू व्हायची आणि परत फिरायची. एका संध्याकाळी हॉलमधला फोन वाजला. मी आतून ऐकत होते.

"हो, बोल," काकू म्हणाल्या. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. "ते राहू दे. मी एक विचारते. घरचं नेट तू बंद करायचास की नाही? हो किंवा नाही सांग." परत बराच वेळ. "मी हो किंवा नाही विचारलं." मग त्यांचा आवाज बदलला. सपाट, कुणाचाच नसलेला आवाज. "तीन मिनिटं झाली," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो परत वाजला नाही.

तरीही मी दुसरी खोली शोधतच होते. विश्वास म्हणजे काही माळ्यावरची पिन नाही, काढली आणि परत बसवली. एका शनिवारी दहिसरला एक जागा बघून आले. जागा बरी होती, हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं. घरी आले तर पॅसेजभर धूळ, स्टूल आडवं, आणि माझ्या खोलीच्या दाराच्या चौकटीला वरच्या कोपऱ्यात एक नवं भोक पाडलेलं. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली जास्तीची वायर काकूंनी सोडवली होती. बाहेरची लाईन आता थेट माझ्या खोलीत येत होती. मोडेम माझ्या टेबलावर होता. तिथून एक लांब निळी वायर निघून पॅसेजमधून हॉलमध्ये, त्यांच्या त्या उघड्या डब्यापर्यंत गेली होती.

सहासष्ट वर्षांची बाई, एकटीनं हे केलं होतं. केसांत चुन्याचा चुरा होता.

"लाईन आता तुझ्या खोलीत येते," त्या म्हणाल्या. "माझं नेट तुझ्याकडून. तुझ्या खोलीला कडी आहे, कुलूपही लावून घे. मला आता काही काढता येणार नाही. तुला मात्र माझं काढता येईल."

"काकू, हे असं नको."

"असंच पाहिजे. मी चुकले हे बोलून काय होतं? बोलणं काय, त्याचंही ऐकून मी फसलेच की."

दहिसरच्या माणसाला मी सोमवारी 'नाही' म्हणून कळवलं. काकूंना तसं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. फक्त मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर चहा आला, आणि त्या खिडकीशी उभ्या राहून स्वतःचा प्यायल्या.

पण त्यांची अस्वस्थता वाढली होती. लोकांच्या घरी जायच्या, आल्यावर पूर्वीसारखं रंगवून सांगायच्या नाहीत. जेवता जेवता मध्येच विचारायच्या, "तुझ्याकडे तेव्हा कोणी नेट दुरुस्त करायला यायचं का गं?"

"एकदा आला होता कंपनीचा माणूस. सगळं बरोबर आहे म्हणाला."

"हं," म्हणून त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेल्या.

महिन्याभरानं शेजारच्या ब्लॉकमधल्या सुनेनं त्यांना बोलावलं. आमची आणि त्यांची भिंत एकच. ती मुलगी घरून कसलातरी अकाउंटिंगचा कोर्स करत होती, दुपारी क्लास असायचा आणि नेमकं दुपारीच नेट बंद पडायचं. काकू अर्ध्या तासात परत आल्या. आल्या त्या थेट माझ्या खोलीच्या दारात. आत आल्या नाहीत.

"वायर धरून चालले," त्या म्हणाल्या. "पूर्ण चालले. कुठे दबलेली नाही, तुटलेली नाही. दिवे हिरवे. मग मी तिला विचारलं, दुपारी घरात कोण असतं. ती म्हणाली, सासरे. आणि खाली बघायला लागली. सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते. म्हणाले, काय करायचंय तिला इतकं नेट."

मी काम थांबवून हेडफोन काढला.

"तिचं नेट बंद पडत नाही गं," काकू म्हणाल्या. "पाडतात."

त्या दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, सोडत.

"आपल्या मोडेमचा पासवर्ड तिला देऊ का? लाईन तुझी आहे, म्हणून विचारते."

मी वही ओढली, पान फाडलं, मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिला. मग आम्ही दोघींनी मिळून माझं टेबल सामाईक भिंतीला चिकटवलं आणि मोडेम विटांसारख्या रचलेल्या पुस्तकांवर, जेवढा उंच जाईल तेवढा ठेवला. भिंत जाड होती. पलीकडे पोचेल की नाही खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी ती कचरा टाकायला बाहेर आली तेव्हा काकूंनी कागद तिच्या मुठीत दिला आणि जाता जाता सांगितलं, "नेट लागलं की भिंतीवर वाजव. दोनदा."

दुपारी अडीचला तिचा क्लास सुरू व्हायचा. काकू सव्वादोनलाच माझ्या खोलीत आल्या आणि भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. मी टाईप करत असल्याचं सोंग करत होते. अडीच झाले. दोन पस्तीस. काकूंनी डोळे मिटले होते. मी मोडेम आणखी थोडा भिंतीकडे सरकवला.

दोन चाळीसला भिंतीवर टकटक झाली. दोनदा, अगदी हलकी.